दगडातील अक्षरे आणि पडद्यावरील प्रकाश : बेंगळुरूच्या शिलालेखांची त्रिमितीय कथा

सपाट अक्षराला खोली देणे हे आज संगणकावरील काही क्षणांचे काम आहे. 1998 मध्ये आलेल्या फोटोशॉप 5.0 मध्ये ‘बेव्हल अँड एम्बॉस’ ही सोय आली आणि उठावदार अक्षरे घडवणे कोणालाही सोपे झाले. प्रत्यक्षात तेथे खोली नसतेच. सॉफ्टवेअर अक्षराच्या कडांना काल्पनिक उतार देते आणि प्रकाशाची एक दिशा ठरवते. उतार प्रकाशाला जितका सन्मुख, तितकी ती कड उजळ. जितका विन्मुख, तितकी काळोखी. पृष्ठभागाच्या उजळपणाचा हा नियम योहान लाम्बर्ट यांनी 1760 मध्ये मांडला होता. 1978 मध्ये जेम्स ब्लिन यांनी दाखवून दिले की, पृष्ठभागाचा आकार न बदलता केवळ उताराची दिशा बदलली, तरी पडद्यावर सुरकुत्या उमटतात. उरलेले काम मेंदू करतो. प्रकाश वरून येतो, असे तो गृहीत धरतो. छायेवरून आकार ओळखण्याच्या या प्रक्रियेवर व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1988 मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले. म्हणूनच उठावाचे चित्र उलटे धरले, की तेथे खाच दिसू लागते.

बेंगळुरूमध्ये हेच गणित नेमक्या उलट्या कामासाठी वापरले जात आहे. येथे अक्षरांना खरी खोली आहे. मात्र ती डोळ्यांना दिसेनाशी झाली आहे.

या परिसरातील शिलालेखांचे पहिले मोठे संकलन बेंजामिन लुईस राईस यांचे. ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चा बेंगळुरू जिल्ह्याचा नववा खंड 1905 मध्ये निघाला. त्या काळापासून रूढ असलेली पद्धत ठशाची. ओला कागद दगडावर बसवून ब्रशने ठोकायचा, मग त्यावर शाई फिरवायची. सपाट भाग काळा होतो, कोरलेले अक्षर पांढरे राहते. ठसा अक्षराचा आकार टिपतो. खाचेची खोली मात्र त्यातून मोजता येत नाही. दरम्यान शहर वाढत गेले. तळी बुजली, गावे वस्त्यांत विरली आणि अनेक दगड बांधकामांत गडप झाले.

2018 मध्ये हेब्बाळ येथे एक वीरगळ सापडला. गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातील, सुमारे इ.स. 750 चा हा लेख कित्तय्या नावाच्या योद्ध्याच्या वीरमरणाची नोंद करतो. पुढे 1909 मध्ये स्थापन झालेल्या मिथिक सोसायटीने पी. एल. उदय कुमार यांच्या नेतृत्वाखाली बेंगळुरूच्या शिलालेखांचे त्रिमितीय स्कॅनिंग हाती घेतले.

अशा स्कॅनिंगच्या एका पद्धतीत दगडावर प्रकाशाचे ठरावीक नक्षीदार पट्टे टाकतात. खाचाखोचांवर ते पट्टे वाकतात आणि त्या वाकण्यावरून प्रत्येक बिंदूची खोली काढता येते. मग संगणकातील प्रतिकृतीवरून रंग पुसून टाकता येतो. शेवाळ, चुना, तेलाचे डाग हे छायाचित्रात वाचकाला फसवणारे सारे नाहीसे होते आणि उरतो केवळ आकार. आता त्यावर हव्या त्या दिशेने, अगदी तिरपा प्रकाश टाकता येतो. झिजलेली, जेमतेम उथळ उरलेली रेघही सावलीने उठून दिसते.

येथेच सावधगिरी लागते. प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेली रेघ सावली टाकत नाही आणि म्हणून लपते. एकाच कोनातून पाहणाऱ्याला एखादी मात्रा किंवा वेलांटी नाहीच असे वाटू शकते. एका मात्रेने गावाचे किंवा माणसाचे नाव बदलते. त्यामुळे प्रकाश फिरवत फिरवत वाचावे लागते. चित्रकाराला सुंदर दिसणारा एक कोन पुरतो. लेखवाचकाला सर्व कोन तपासावे लागतात.

बेगूर येथील सुमारे इ.स. 890 च्या वीरगळावर ‘बेंगळुरूच्या युद्धा’चा उल्लेख आहे. शहराच्या नावाचा इतका जुना पुरावा दगडातील काही मिलिमीटर खाचांवर अवलंबून आहे. स्कॅनिंगने दगड झिजायचा थांबत नाही. पण आजची खोली मोजून ठेवली, तर उद्याच्या अभ्यासकाला नवा प्रश्न घेऊन त्याच अक्षरांवर पुन्हा प्रकाश टाकता येईल.