मामाची स्लाइड आणि दीडशे वर्षांचा घोळ

आजचा भाग जरा घरचा आहे. बोललो तसंच उतरवलंय, सांभाळून घ्या.

सापगावला भातसेच्या पुलावर माझ्या मामाला समोरून येणारी एसटी एकाच्या दोन दिसायला लागली. आधी चष्मा बदलून झाला. मग एमआरआय, आणि कवटीच्या तळाशी गाठ. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नस तिथूनच जाते, ती दाबली गेली होती. तुकडा काढून तपासला. रिपोर्ट आला: कॉर्डोमा.

मी रात्रभर वाचत बसलो आणि इतिहासातच शिरलो.

कवटीचा वरचा घुमट थेट हाड म्हणून तयार होतो. तळाची हाडं मात्र गर्भात आधी कूर्चा असतात, म्हणजे कानाच्या पाळीत वर असते तसली लवचीक. मोठेपणी हाडांच्या सांध्यात ती थोडी उरते. त्या जागी होणारा कूर्चेचा कॅन्सर म्हणजे कॉन्ड्रोसार्कोमा. कॉर्डोमा वेगळा. तो नोटोकॉर्डच्या उरलेल्या पेशींतून होतो. नोटोकॉर्ड म्हणजे मणके बनण्याआधी गर्भात असणारी दोरी.

आता घोळ बघा. १८५७ मध्ये जर्मनीत फिर्शोला याच भागात जेलीसारखी बारीक गाठ दिसली, पेशींत बुडबुडे. त्याला ती कूर्चेची वाटली, नावही त्याने तसंच दिलं. पुढच्याच वर्षी म्युलर म्हणाला, ही नोटोकॉर्डची. आमच्या भाषेत, पहिल्याच कमिटमध्ये व्हेरिएबलचं नाव चुकलं.

१९७३ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी मधलंच नाव काढलं, 'कॉन्ड्रॉइड कॉर्डोमा'. हे पेशंट बाकी कॉर्डोमावाल्यांपेक्षा बरेच जास्त जगायचे. का? पुढे लक्षात आलं, त्यातले कितीतरी मुळात कॉन्ड्रोसार्कोमाच होते. १९९९ मध्ये बोस्टनहून कवटीच्या तळाच्या २०० कॉन्ड्रोसार्कोमांचा अभ्यास आला. त्यातल्या ७४ जणांना आधी कॉर्डोमा सांगितलेला! ऑपरेशन आणि प्रोटॉन किरणांनंतर दहा वर्षांनीही ९८ टक्के जणांची गाठ आटोक्यात होती. कॉर्डोमा इतका ऐकत नाही. म्हणजे प्रश्न नुसत्या नावाचा नाही.

२००६ मध्ये ब्रॅक्युरी आलं. हे प्रथिन नोटोकॉर्डच्या पेशींत असतं. स्लाइडवर त्याची तपासणी लावली की कॉर्डोमाच्या पेशी रंगतात, कॉन्ड्रोसार्कोमाच्या कोऱ्या राहतात.

मामाच्या रिपोर्टमध्ये ही तपासणी नव्हतीच.

मग स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक रुमालात गुंडाळला, आसनगावहून लोकल पकडली, दादरला उतरलो आणि परळला टाटा मेमोरियल. २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालेलं हे हॉस्पिटल. तिथल्या प्रयोगशाळा उभ्या केल्या डॉ. वसंत खानोलकरांनी, भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात त्यांना. रांगेत उभं राहून मी हेच वाचत होतो, दुसरं काय करणार.

नवा रिपोर्ट आला: ब्रॅक्युरी निगेटिव्ह. कॉन्ड्रोसार्कोमा, कमी ग्रेडचा.

आता प्रोटॉनसाठी खारघरला विचारणा चालू आहे. तिथे २०२३ पासून ती सोय झालीय. मामाला मी हे सगळं दीड तास समजावलं. तो म्हणाला, "नाव काय ठेवायचं ते ठेवा रे. एसटी एक दिसेल का, ते विचार."

विचारलं. नस किती दिवस दाबली गेली होती त्यावर आहे, म्हणाले. तोवर मामा एका डोळ्याला पट्टी लावून पुलावर जातोय.