अजून मागे जा

1960 साल, सातारा जिल्हा. डोंगराकडच्या एका वाडीत तुम्ही बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभे आहात. बाजेखालच्या शेगडीत ओव्याची धुरी धुमसते आहे. बाळ सात दिवसांचं. चार-पाच दिवस ते लुटुलुटु प्यायलं. कालपासून अंगावर घेतलं तरी पीत नाही. जबडा आवळला आहे, पाठ मागे ताणली आहे. दाराची कडी वाजली तरी त्याला झटका येतो. आणि ते शुद्धीवर आहे, सगळं सोसतं आहे.

"सटवीनं लिवलं तसं व्हनार," सासू भिंतीला टेकून म्हणते. सहाव्या रात्री सटवाई कपाळी लिहून जाते असं वाडी मानते, आणि याच दिवसांत धनुर्वात बाळाला गाठतो. सासूने डोळ्यांनी पाहिलेलंच ती बोलते आहे. उपचारांविना यातलं एखादंच बाळ वाचतं, आणि दवाखाना इथून बैलगाडीच्या दिवसभराच्या वाटेवर. आता उशीर झाला आहे. सात दिवस मागे जा.

सुईण नाळ कापते आहे. विळा तिने पदराला पुसून घेतला आहे. निम्मी वाडी हिच्याच हातांवर जन्मली. तिला दोष देऊ नका. गुरांच्या शेणात, मातीत धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू वर्षानुवर्षं टिकतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. तुम्ही कोरं पातं पुढे केलंत, तिने ते घेतलंही. पण बेंबीवर चुलीतली राख लागणारच आहे, जमीन शेणाने सारवलेली आहे. अजून मागे जा.

पाचवा महिना. पोरगी डोक्यावर हंडा घेऊन चढण चढते आहे. इथे थांबा, कारण बाळ इथे वाचतं. तिच्या दंडात चार आठवड्यांच्या अंतराने धनुर्वाताच्या लसीची दोन इंजेक्शनं द्यायची, दुसरं बाळंतपणाच्या निदान दोन आठवडे आधी. तिच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. विळा कसाही असो, बाळ संरक्षण घेऊनच जन्मतं.

लस नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिकांना ती टोचली गेली होती. युद्धावर निघालेल्या पुरुषाला जखम होणार हे सरकारांना आधीच सुचलं. बाळंत होणाऱ्या बाईच्या बाळाची नाळ कापली जाणार, तीही जखमच, हे सुचायला फार वर्षं गेली. न्यू गिनीतल्या माप्रिक भागात डॉ. स्कोफिल्ड आणि सहकाऱ्यांनी गरोदर बायकांना ही लस दिली. त्यांचे निष्कर्ष 1961 मध्ये छापून आले: आईचे डोस जितके पुरे, तितके बाळांचे मृत्यू कमी. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 1988 या एका वर्षात जगात 7 लाख 87 हजार नवजात बाळं धनुर्वाताने गेली. सत्तावीस वर्षं हातात उत्तर असताना! या आकड्याचा मला आजही संताप येतो.

आता पुढे या, भराभर. 1985 मध्ये देशात सार्वत्रिक लसीकरण सुरू झालं. बर्फाच्या डब्यात लस घेऊन नर्सबाई वाड्यावस्त्यांची चढण चढू लागल्या. 2015 मध्ये भारतात माता व नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी बाळाला तो होतो. जंतू मात्र मातीतून गेलेला नाही, जाणारही नाही. प्रत्येक नव्या आईला लस द्यावीच लागते.

म्हणून शेवटचा मुक्काम आजच्या उसाच्या फडात. बीडहून आलेली ऊसतोड कामगार, सहावा महिना, कोपीत राहते. पहिला डोस गावी झाला. दुसऱ्याची तारीख आली तेव्हा ती इथे, मोळ्या बांधत होती. गावच्या आशाताईंच्या वहीत ती "स्थलांतरित" आहे आणि इथल्या वहीत तिचं नावच नाही. कार्ड तिच्या पिशवीत आहे. मुकादमाला सांगून तिला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळवून द्या, मजुरी न कापता, आणि जवळच्या उपकेंद्रात घेऊन जा. अजून तीन महिने आहेत.