रोपट्याआडचा झेंडा

रविवार, ९ ऑगस्ट १९३६. बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये मॅरेथॉन दरवाजा नीट दिसेल अशी जागा तुम्हाला मिळाली आहे. आता एक काळजी घ्या. आजूबाजूचे लाखभर लोक मधूनमधून उठून उजवा हात पुढे ताणतील. तेव्हा तुम्ही टोपी सारखी करा, खिशात रुमाल शोधा, काहीही करा. परदेशी पाहुणा म्हणून तुम्हाला माफी आहे. या पंधरवड्यात परदेशी पाहुण्याला बर्लिनमध्ये सगळीच माफी आहे.

येताना शहर बघितलेत ना? फुलांच्या कुंड्या, रस्ताभर लटकणारी लांबलचक निशाणे, हसतमुख पोलीस. 'इथे ज्यूंना मज्जाव' अशा पाट्या पाहुणे यायचे म्हणून घरातली अडगळ पलंगाखाली सारावी तशा काढून ठेवल्या आहेत. नाक्यानाक्यावरच्या पेट्यांत 'डेर श्ट्युर्मर' हे ज्यूद्वेषी साप्ताहिक चिकटवलेले असते, तेही सध्या दिसत नाही. सारली गेली ती नुसती कागदपत्रे नव्हेत. १६ जुलैला शहरातल्या सुमारे सहाशे रोमा लोकांना उचलून मार्त्सानच्या छावणीत नेऊन टाकले. इथून उत्तरेला पस्तीसेक किलोमीटरवर झाक्सनहाउझेनची छळछावणी याच उन्हाळ्यात उभी राहते आहे. तुमच्या हातातल्या देखण्या कार्यक्रमपत्रिकेत यातले काही नाही.

जेसी ओवेन्स तुम्हाला आज दिसेलच, पण त्याची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. चार सुवर्णपदके, गोऱ्या वंशाच्या गर्वाला चपराक, वगैरे. तिच्यावर इतके लिहून झाले आहे की बर्लिन म्हटले की तेवढेच आठवते. तुम्ही दरवाज्याकडे बघा.

तीन वाजता ५६ धावपटू इथून बाहेर पडले. हावेल नदीच्या कडेने, ग्रूनेवाल्डच्या झाडीतून जाऊन, मोटारींच्या शर्यतींसाठी बांधलेल्या लांब सरळ रस्त्यावरून वळून ते परत येणार. ध्वनिक्षेपक अधूनमधून खबर देतो. अर्जेंटिनाचा झाबाला, गेल्या वेळचा विजेता, सुरुवातीला सुसाट पुढे होता. आता तो मागे पडला, मग शर्यत सोडूनच बसला. मागून एक इंग्रज आणि एक जपानी जोडीने धावत होते. इंग्रजाने, अर्नी हार्परने, शेजारच्याला खुणेने सांगितले होते म्हणे, की झाबालाच्या मागे धावू नकोस, तो दमणारच आहे. त्या शेजाऱ्याने ऐकले आणि पुढे हार्परलाही मागे टाकले.

तुतारी वाजते. बोगद्याच्या अंधारातून एक सडपातळ, बारीक केस कापलेला पोरगा उन्हात येतो. अंगात पांढरी बनियन, तिच्यावर लाल सूर्य, खाली क्रमांक ३८२. पायांत अंगठा वेगळा असलेले जपानी धाटणीचे कापडी बूट. बेचाळीस किलोमीटर धावून आलेला माणूस शेवटचे शंभर मीटर जोर लावून पळतो. २ तास २९ मिनिटे १९ सेकंद, ऑलिंपिक विक्रम. रेषा ओलांडल्यावर तो हात उंचावत नाही, हसतही नाही. खाली वाकतो, बूट काढतो आणि कपडे बदलायच्या खोलीकडे चालू लागतो.

पुकारा होतो : किटेई सोन, जपान.

त्याचे नाव ते नव्हे. तो कोरियातला सोन गी-जोंग. जपानने १९१० साली कोरिया गिळला. सोनच्या नावाची चिनी अक्षरे जपानी पद्धतीने वाचली की 'किटेई सोन' होते. ऑलिंपिकला यायचे तर जपानच्या चमूतून, जपानच्या बनियनमध्ये आणि जपानी नावानेच. बर्लिनमध्ये कोणी सही मागितली की तो कोरियन लिपीत सही करतो, आणि शेजारी कोरियाचा छोटासा नकाशाही काढतो. पण सही मागणाऱ्या जर्मन पोरांना त्या रेघोट्या कुठल्या कळायला!

बक्षीस समारंभाला जवळ सरका. तिसरा आलेला नाम सुंग-योंग, तोही कोरियन. म्हणजे तीन काठ्यांवर दोन जपानी झेंडे आणि एक हार्परचा युनियन जॅक. तीन पदकांत दोन साम्राज्यांची वाटणी. विजेत्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट आहे आणि हातात ओकच्या रोपट्याची कुंडी. यजमानांतर्फे प्रत्येक सुवर्णविजेत्याला ती मिळते. जपानचे राष्ट्रगीत 'किमिगायो' सुरू होते. सोनची मान खाली जाते आणि कुंडी हळूच वर सरकते, छातीवरच्या सूर्यापुढे येऊन थांबते. शेजारी नामचीही मान खाली आहे, पण त्याचे हात रिकामे. पुढे तो सांगायचा, की मला सोनच्या सुवर्णाचा नव्हे, त्या रोपट्याचा हेवा वाटला, छाती झाकता आली म्हणून.

लेनी रीफेनश्टालचे कॅमेरे हे सगळे टिपताहेत. वंशाच्या आणि राष्ट्राच्या गौरवाचा सिनेमा काढायला निघालेल्या बाईच्या फिल्मवर दोन परतंत्र माणसांची खाली घातलेली मान उमटते आहे.

मान्यवरांच्या रांगेत अमेरिकन ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष अ‍ॅव्हरी ब्रंडेज आहेत. बर्लिनवर बहिष्कार घालावा अशी चळवळ त्यांच्या देशात गेल्या वर्षी जोरात होती. खेळात राजकारण आणू नका, हा ब्रंडेज यांचा मुद्दा. डिसेंबर १९३५ मध्ये बहिष्काराचा ठराव अगदी थोड्या मतांनी हुकला. त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नका, ऐकणार नाहीत. पण मला ही सबब नेहमी एकाच बाजूने ऐकू येते. ज्याचा झेंडा काठीवर आधीच चढलेला असतो, त्याला खेळात राजकारण दिसत नाही. ज्याला रोपट्याआड छाती लपवावी लागते त्याच्यासाठी बनियन हेच राजकारण असते. (उलट बाजूचा आततायीपणाही आपल्याला ठाऊक आहे. पाकिस्तानचा संघ येऊ नये म्हणून वानखेडेची खेळपट्टी उखडली जायला अजून ५५ वर्षे आहेत. ते कोणा परतंत्राचे दुःख नव्हते.)

आता तारीख बदला : २५ ऑगस्ट. शहर सोल, पण सरकारी कागदांवर 'केइजो'. 'दोंग-आ इल्बो' या कोरियन दैनिकाच्या कचेरीत या. टेबलावर सोनचा पदक घेतानाचा फोटो आहे. छपाई आधीच धूसर, त्यात छातीवर ती गोल चकती. क्रीडा वार्ताहर ली गिल-योंग आणि चित्रकार यी सांग-बोम यांनी ठरवून टाकले आहे. फोटोवर हात फिरतो आणि सूर्य मावळतो. वाचकाला दिसते ते एवढेच : मुकुट घातलेला आपला मुलगा, कोऱ्या बनियनमध्ये. पोलिसांना कळायला वेळ लागत नाही. पत्रकारांना पकडून नेतात, मारहाण होते, वर्तमानपत्र सुमारे नऊ महिने बंद राहते. फोटोतल्या चकतीची किंमत ही. आणि सोन? जगातला सर्वांत वेगवान मॅरेथॉनपटू मायदेशी उतरतो तो पोलिसांच्या पहाऱ्यात.

इथे थोडे थांबा. कोरियनांना स्वतःचे नावही मिळाले नाही, मग आपल्याला 'इंडिया' म्हणून संचलन करता आले ते कसे? त्याचे श्रेय इंग्रजांच्या उदारपणाला देऊ नका. उत्तरासाठी पुण्यात डेक्कन जिमखान्यावर जावे लागेल. जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांनी तिथल्या शर्यतींत अनवाणी पळणारी खेड्यापाड्यांतली पोरे बघितली आणि हिंदुस्थानचा स्वतंत्र चमू ऑलिंपिकला धाडायचे मनावर घेतले. १९२० साली अँटवर्पला जो चमू गेला त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते १९ वे आले. सोनच्या सोळा वर्षे आधी त्याच शर्यतीत एक परतंत्र माणूस धावला होता, पण निदान स्वतःच्या देशाच्या नावाने.

नाव मिळाले, झेंडा मात्र नाही. ते बघायला पुन्हा बर्लिन, शनिवार, १५ ऑगस्ट १९३६.

भारत विरुद्ध जर्मनी ही हॉकीची अंतिम फेरी काल व्हायची होती, पावसाने आज ढकलली. मैदान भिजून जड झाले आहे. प्रेक्षकांत बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड बसले आहेत. मराठी बोलणारी आणखीही माणसे या दिवसांत बर्लिनमध्ये आहेत : अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक देशी खेळ दाखवायला आले आहे, आणि जर्मनांनी कबड्डी बघितली ती त्यांच्यामुळे. पण तुम्ही प्रेक्षकांत बसू नका, कपडे बदलायच्या खोलीत शिरा.

खोलीत अवघडलेली शांतता आहे. स्पर्धेपूर्वी, १७ जुलैला, याच जर्मनांनी सरावाच्या सामन्यात भारताला ४-१ असे हरवले होते. ती जखम ओली आहे. त्यानंतर घाईने तार करून दारा या खेळाडूला विमानाने बोलावून घेतले. स्पर्धेत हंगेरी, अमेरिका, जपान, फ्रान्स अशा चौघांवर मिळून तीस गोल झाले आणि अंगावर एकही नाही. तरी जर्मन म्हटले की पोटात गोळा येतोच.

संघासोबतचे पंकज गुप्ता पिशवीतून काहीतरी काढतात. घडी उलगडते : काँग्रेसचा तिरंगा, मध्ये चरखा. भाषण वगैरे काही होत नाही. अकरा जण उभे राहून सलाम करतात. कोण कोण आहेत बघा. कर्णधार ध्यानचंद आणि भाऊ रूपसिंग. दारा, जाफर, शहाबुद्दीन. अ‍ॅलन, टॅपसेल, कलन, गॅलिबर्डी असे अँग्लो-इंडियन, ज्यांच्या लोकांना काँग्रेसवाले फारसे आपले मानत नाहीत. आणि ध्यानचंद तर ब्रिटिश हिंदी फौजेतला शिपाई, राजाचे मीठ खाणारा. शिपायाने काँग्रेसच्या झेंड्याला सलाम केला हे छावणीत कळले तर काय होईल, हे त्याला सांगायला नको. १ ऑगस्टच्या संचलनात या लोकांनी हिटलरसमोर नाझी पद्धतीने हात उंचावला नव्हता. दोन आठवड्यांत त्यांनी मनापासून केलेला सलाम हा एकच, तोही दार लावून.

मध्यंतराला फक्त १-० आहे. ओल्या मैदानावर खिळ्यांचे बूट जड होतात, म्हणून ध्यानचंद ते उतरवून टाकतो. त्यानंतरचे सांगण्यात अर्थ नाही, ते बघायचे असते. ८-१. जर्मनांचा तो एक गोल म्हणजे सगळ्या स्पर्धेत भारतावर झालेला एकमेव गोल. (हिटलरने ध्यानचंदला जर्मन फौजेत हुद्दा देऊ केला, ही गोष्ट पुढे तुम्हाला हमखास कोणीतरी सांगेल. तिला ठोस पुरावा नाही. गोष्ट गोड आहे म्हणून ती टिकली.)

पदके दिली जातात तेव्हा काठीवर चढतो तो ब्रिटिश हिंदुस्थानचा झेंडा, कोपऱ्यात युनियन जॅक असलेला. तिरंगा पुन्हा पिशवीत गेला आहे. आणि ज्या इंग्रजांचा तो झेंडा, ते या मैदानावर दिसत नाहीत. १९२८, १९३२, १९३६, तिन्ही वेळा ब्रिटनने ऑलिंपिकला हॉकीचा संघ पाठवलाच नाही. आपल्याच वसाहतीकडून हरायला नको म्हणून, असे लोक बोलतात. सामना झाला तो थेट १९४८ साली लंडनमध्ये, भारत स्वतंत्र झाल्यावर. अंतिम फेरीत भारत ४, ब्रिटन ०. त्याच लंडनला संचलनात कोरियाचा झेंडा घेऊन पुढे चालत होता तो सोन गी-जोंग. जपान आणि जर्मनीला त्या वर्षी आमंत्रणच नव्हते. ब्रंडेज मात्र १९५२ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष झाले आणि वीस वर्षे राहिले.

आता शेवटची उडी, पुन्हा १५ ऑगस्टला. ही तारीख कोरियाच्याही मुक्तीची, १९४५ ची. साल १९७०, रात्र, बर्लिनचे तेच स्टेडियम. विजेत्यांची नावे कोरलेल्या दगडी भिंतीपाशी दक्षिण कोरियाचे खासदार पार्क यंग-रोक छिन्नी घेऊन उभे आहेत. 'सोन' या नावापुढचा 'जपान' ते फोडून काढतात आणि तिथे 'कोरिया' बसवतात. त्यांना अडवू नका, पण फार आशाही बाळगू नका. स्टेडियमवाल्यांनी पुढे तो दगड दुरुस्त करून पुन्हा 'जपान' कोरला.

१९८८ साली सोलच्या ऑलिंपिकमध्ये मशाल घेऊन स्टेडियममध्ये शिरला तो हाच म्हातारा सोन, आणि त्या मैदानावर तो अक्षरशः उड्या मारत धावला. पण ऑलिंपिक समितीच्या निकालपत्रात १९३६ च्या मॅरेथॉनचे सुवर्ण आजही जपानच्या खात्यावर आहे. बर्लिनला गेलात तर मॅरेथॉन दरवाज्याची भिंत जरूर वाचा.