बालकांचे घोरणे आणि प्राचीन चिनी वैद्यक : एक परामर्श

झोपेत श्वास अडखळणाऱ्या बालकांना पारंपरिक चिनी औषधे देताना त्यांच्या प्राचीनत्वाचा दाखला दिला जातो. टॉन्सिलची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकण्याचा निर्णय त्यावर अवलंबून असेल, तर हा दाखला तपासून घेणे अगत्याचे ठरते.

सुई राजवटीत इ.स. ६१० मध्ये चाओ युआनफांग याने सिद्ध केलेल्या ५० खंडांच्या रोगनिदान ग्रंथात घोरण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. वायूची गती बिघडली की तो घशावर आदळून आवाज होतो. स्थूल व्यक्तीचा घसा आतून अरुंद होतो, म्हणून तीही घोरते, असे त्यात प्रतिपादन आहे. हे निरीक्षण आजही थक्क करते. मात्र ते ३१ व्या खंडात येते. बालरोगांचे सहा खंड ग्रंथाच्या अखेरीस आहेत. श्वास थांबण्याचा उल्लेखही त्या प्रकरणात नाही.

सुंग काळातील छिएन यी हा चिनी बालवैद्यकाचा आद्य आचार्य. त्याचे विवेचन यान श्याओचुंग याने १११९ मध्ये ग्रंथबद्ध केले. जुन्या आठ द्रव्यांच्या गुटिकेतून दालचिनी व बचनागवर्गीय मूळ ही उष्ण द्रव्ये वगळून त्याने बालकांसाठी सहा द्रव्यांची गुटिका योजिली. ती आजही प्रचलित आहे. परंतु मुळात ती टाळू न भरणे, आवाज न फुटणे अशा तक्रारींसाठी होती.

बालकांतील हा विकार आधुनिक निद्रावैद्यकात प्रस्थापित झाला तो क्रिस्तियान गिलेमिनो व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये आठ बालकांचा वृत्तान्त प्रसिद्ध केल्यानंतर. जुन्या सूत्रांची या रोगनामाशी सांगड त्यानंतरची आहे.