वीस पौंडांची आठवण

आग्नेय नायजेरियातील इग्बोंचे बियाफ्रा युद्ध १५ जानेवारी १९७० रोजी संपले. ‘कोणी विजेता नाही, कोणी पराजित नाही’, अशी ग्वाही लष्करी शासक याकुबू गोवॉन यांनी दिली. प्रत्यक्षात बियाफ्रातील खातेदारांच्या हाती, ठेव कितीही असो, अवघे २० पौंड पडले.

युद्धानंतर जन्मलेल्या पिढीने ही कहाणी घरातच ऐकली. १९७९ पासून एकही इग्बो नेता राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेला नाही. २०२३ मध्ये पीटर ओबींमागे इग्बोंसह इतर समाजांचेही तरुण एकवटले. ओबींनी लागोस राज्य जिंकले, पण देशात ते तिसरे ठरले.

त्या निराशेतून काही तरुण पुन्हा बियाफ्राचे नाव घेतात. ओबींमागे उभ्या राहिलेल्यांची मागणी मात्र वेगळ्या देशाची नव्हती. १९७० मध्ये दिलेला शब्द पाळला जावा, एवढीच होती.