वाळवंटातून शिखरावर, एका दिवसात

आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. त्याच्या दुप्पट उंचीचा एक डोंगर डोळ्यांपुढे आणा आणि त्याच्या पूर्व अंगाला वाळवंट पसरलेले आहे असे समजा. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात असा डोंगर आहे. त्याचे नाव सॅन हासिंटो, उंची ३,३०२ मीटर. पायथ्याचे पाम स्प्रिंग्ज गाव जेमतेम दीडशे मीटरवर. शिक्षकबंधूंनी नकाशावर लॉस एंजेलिस दाखवून बोट पूर्वेकडे सरकवावे, म्हणजे मुलांना जागा कळेल.

पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग पश्चिम अंगावरच रिते होतात आणि पलीकडे कोरडा वारा तेवढा पोचतो. माणदेशच्या शेतकऱ्याला हे निराळे समजावायला नको! फरक इतकाच, की तिकडचा पाऊस मुख्यतः हिवाळी, त्यामुळे माथ्यावर बर्फ साचते.

इथले मूळ रहिवासी कावीया लोक. थंडीत ते खाली दरीत राहत आणि उन्हाळा लागला की वर सरकत. खाली मेस्कीटच्या शेंगा मिळत. आपल्या वेड्या बाभळीचेच हे भावंड. वर ओकची फळे. ती कडू असतात, म्हणून कुटून, पाण्याने धुऊन त्यांचा कडवटपणा काढायचा. डोंगर एका दिवसात चढावा अशी त्यांना काय गरज? त्यांची चढउतार ऋतूंच्या हिशेबाने चाले.

१९३५ मध्ये फ्रान्सिस क्रॉकर नावाच्या विजेच्या इंजिनियराला भर उन्हातून जाताना वरचे बर्फ दिसले आणि तिथवर तारेवरची गाडी न्यावी असे त्याच्या मनाने घेतले. महायुद्ध आडवे आले, पैशाची अडचण आली. अखेर १९६३ मध्ये गाडी सुरू झाली. तारा पेलणाऱ्या पाच मनोऱ्यांपैकी एकाच मनोऱ्यापर्यंत रस्ता होता. बाकी चारांचे सामान आणि माणसे हेलिकॉप्टरने वाहावी लागली. वरचे ठाणे ८,५१६ फुटांवर आहे.

गंमत अशी, की चालायला नको म्हणून केलेली ही गाडी चालणाऱ्यांच्याच कामी आली. माथा गाठायचा आणि परतताना पायी फक्त ठाण्यापर्यंत उतरायचे, म्हणजे काम एका दिवसात बसते. गावातल्या संग्रहालयामागून अंधारातच निघायचे. ठाण्यापर्यंत सुमारे आठ हजार फूट चढ आणि वाटेत पाण्याचा थेंब नाही. पुढे आणखी तेवीसशे फूट चढले की माथा.

खरा धोका चढणीत नाही, तो मागे फिरण्यात आहे, बरं का! पहाटेच्या गारव्यात माणूस हुरूपाने बरेच वर जातो. मग पाणी संपते, पाय थकतात आणि तो भर दुपारी खाली वळतो. खाली तर भट्टी पेटलेली! ५ जुलै २०२४ रोजी पाम स्प्रिंग्जला पारा १२४ अंश फॅरनहाइटवर गेला होता. या वाटेवर काहींनी प्राण गमावले आहेत. जाणते लोक ऊन ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात. भर हिवाळ्यात ठाण्याच्या अलीकडची उतरण बर्फाने निसरडी होते, तेव्हाही ते ही वाट टाळतात.

माथ्यावरून ठाण्यावर आलेला वाटसरू सहलीच्या मंडळींबरोबर रांगेत उभा राहतो. गाडी त्याला दहाएक मिनिटांत खालच्या ठाण्यावर, पुन्हा वाळवंटाच्या काठी, आणून सोडते.