दिवे किती नव्हे, दिवे कुठे

जीप, जिप्सी किंवा थार ऑफरोडिंगसाठी सजवणाऱ्यांत एक मत आता सिद्धांतासारखे मानले जाते. रात्रीच्या वाटेवर जितका उजेड जास्त, तितके जास्त दिसते; म्हणून टपावर एलईडीचा लांबलचक लाइटबार चढवावा, आणि तो घरीच जोडला तर पैसेही वाचतात. हे मत सह्याद्रीतल्या वाटांपुरते तरी चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे. घरी दिवे जोडण्याला माझा विरोध नाही, उलट मी त्याचा पुरस्कर्ता आहे. म्हणूनच ते काम कोणत्या समजुतीवर उभे राहते, हे तपासणे मला आवश्यक वाटते.

आधी पूर्वपक्ष. हेडलँपमधला एच-४ हॅलोजन बल्ब डिम केल्यावर ५५ वॅट खातो आणि सुमारे १००० लुमेन देतो. लाइटबार त्याच्या कितीतरी पट लुमेन देतो. शिवाय जगातल्या नामांकित शर्यतींचा दाखला आहेच. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात १९६७ साली सुरू झालेल्या शर्यतीत टपावर दिव्यांच्या रांगा लावलेल्या गाड्या धावतात, आणि तिथे ते योग्यच आहे. हवा कोरडी, मैदान उघडे, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. दोनशे मीटरवरचा खड्डा आधी दिसला नाही, तर चालकाच्या हाती काहीच उरत नाही. त्या भूमीवर ज्यांनी हे दिवे घडवले, त्यांनी आपली गरज अचूक ओळखली होती.

आपली गरज वेगळी आहे. ताम्हिणीच्या किंवा वरंध घाटाच्या बाजूच्या कच्च्या वाटेवर गाडी फोर-लोमध्ये, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, माणसाच्या धावण्याच्या वेगाने चालते. चालकाला दोनशे मीटरवरचे काही नको असते. पुढचे चाक कोणत्या दगडावर चढणार, चिखलातला चर किती खोल, वळणाच्या आतल्या बाजूला कडा आहे की झुडूप, हे त्याला हवे असते. आणि पावसाळ्यात हे सगळे धुक्यातून बघायचे असते.

आता लुमेनचा युक्तिवाद घेऊ. लुमेन म्हणजे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा प्रकाश. एका विशिष्ट दिशेला तो किती तीव्रतेने जातो हे कँडेला सांगतो, आणि समोरच्या जमिनीवर किती पडतो हे लक्स. वाट दिसते ती लक्समुळे. अंतर दुप्पट झाले की जमिनीवरचा प्रकाश चौथाई होतो; पन्नास मीटरवर दिसते तितकेच शंभर मीटरवर दिसावे, तर झोताची तीव्रता चौपट हवी. स्वस्त लाइटबारचा प्रकाश मात्र चोहोकडे पसरतो आणि त्यातला बराचसा गाडीपुढच्या पहिल्या काही मीटरांत सांडतो. ती जमीन पांढरीफेक होते, डोळा तिला सरावतो आणि पलीकडचा अंधार आणखी गडद होतो. डोळ्याला अंधाराशी पूर्ण जुळवून घ्यायला वीस ते तीस मिनिटे लागतात. ती कमाई प्रखर उजेडात क्षणात जाते. म्हणजे लुमेन वाढले आणि दृष्टीचा पल्ला घटला, असे खरोखर घडू शकते.

दुसरा मुद्दा टपाचा. वरून सोडलेला प्रकाश आधी बॉनेटवर पडतो आणि तिथून चालकाच्या डोळ्यांत येतो. संशोधक हॉलडे यांनी १९२६ मध्ये आणि स्टाइल्स यांनी १९२९ मध्ये दिपण्याच्या परिणामावर जे काम केले, त्यातून एक साधा नियम हाती आला: चकाकीचा स्रोत दृष्टिरेषेच्या जितका जवळ, तितका डोळ्यातला धूसर पडदा दाट, आणि हा दाटपणा कोनाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. कोन निम्मा केला की पडदा चौपट. उजळलेले बॉनेट तर नजरेच्या अगदी खाली असते. धुक्यात हाच दोष कळसाला पोचतो. टपावरचा झोत चालकाच्या नजरेलगतच पुढे जातो, त्यामुळे तो ज्या थेंबांना उजळतो त्यांच्यातूनच चालकाला बघावे लागते. बंपरखालच्या दिव्याचा झोत नजरेच्या बराच खालून जातो. उजळलेले धुके खाली राहते आणि नजर त्याच्या वरून निघून जाते.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. जमिनीचा उंचसखलपणा आपल्याला सावलीमुळे कळतो. पौर्णिमेच्या चंद्रावरची विवरे सपाट दिसतात, अष्टमीला तीच ठसठशीत उठून दिसतात. कारण पौर्णिमेला प्रकाश जवळजवळ आपल्या पाठीमागून पडतो आणि सावल्या विवरांतच लपतात. टपावरचा दिवा चालकाच्या डोळ्यांच्या जवळून जमीन उजळतो, तेव्हा प्रत्येक दगडाची सावली त्याच दगडाआड जाते. खोल चर आणि उथळ चर सारखेच पांढरे दिसतात. साठ सेंटीमीटर उंचीवरच्या दिव्याने मात्र प्रत्येक दगडामागे लांब सावली पडते आणि चराची कड काळ्या रेघेसारखी उमटते.

याच ओघात एक पोटसमजूतही बाजूला सारू. पिवळा प्रकाश धुके भेदतो, असे अनेकजण सांगतात आणि आकाश निळे का दिसते त्याचे कारण पुरावा म्हणून देतात. ते कारण हवेच्या रेणूंना लागू पडते. धुक्याचे थेंब ढोबळमानाने दहा मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात; ते सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात. फ्रान्सने १९३६ च्या कायद्याने पिवळ्या हेडलाइटची सक्ती केली आणि ती १९९३ पर्यंत टिकली, पण त्यामुळे भौतिकशास्त्र बदलत नाही. निळा भाग वगळलेला प्रकाश अनेकांच्या डोळ्यांना कमी खुपतो, एवढा त्याचा फायदा मान्य करावा. दिवा कुठे बसवला आहे, याची जागा रंग घेऊ शकत नाही.

मग करावे काय? माझा क्रम प्रचलित क्रमाच्या उलटा आहे. पहिला घरगुती दिवा गाडीच्या मागे लावावा. चढावर गाडी अडली, तर ती वळवायची नसते. आडवी झालेली गाडी उलटते. रिव्हर्स टाकून आल्या वाटेने सरळ मागे उतरायचे असते, आणि त्या क्षणी चालकाला साथ असते ती २१ वॅटच्या एका बल्बची. तिथे ट्रॅक्टरला लावतात तसा कामाचा दिवा, खाली झुकवलेला, जितका उपयोगी पडतो तितका टपावरचा कोणताही बार पडत नाही. दुसरी जोडी बाजूंसाठी: बॉनेटच्या मागच्या कोपऱ्यांपाशी, बाहेरच्या दिशेला वळवलेली, कारण वळणावर हेडलँप सरळ दरीकडे बघतात आणि गाडी वेगळीकडे जाते. तिसरी जोडी बंपरच्या पातळीवर, रुंद पण वरून कापलेल्या झोताची.

इथे घरगुतीपणाच्या विरोधकांना उत्तर द्यायला हवे. घरची जोडणी म्हणजे आग, असे ते म्हणतात. हेडलाइटच्या वायरीतून फाटा काढून केलेल्या जोडणीबाबत ते खरे आहे. ५५ वॅटचे दोन दिवे बारा व्होल्टवर सुमारे नऊ अँपिअर ओढतात. पाऊण चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या चार मीटर वायरीत तेवढ्यानेच ०.८ व्होल्टच्या वर गळती होते. जुना खटका आणि गंजलेली अर्थिंग धरली, तर ती सहज १.२ व्होल्टवर जाते. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणून दहा टक्के व्होल्ट गेले की तीस टक्के उजेड जातो आणि ती ऊर्जा वायर तापवते. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घातली, तर तिच्यातली गळती पाव व्होल्टवर येते. रिले बसवला, की डॅशबोर्डच्या खटक्यातून फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ प्रवाह जातो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. कारण तो दिव्याचे नव्हे, वायरीचे रक्षण करतो, आणि फ्यूजच्या अलीकडची वायर उघडी पडली तर तिला कोणीच वाली नसतो. हे सगळे घरी, उत्तम प्रकारे करता येते.

घरी करू नये असे एकच काम आहे: दिव्याचे प्रकाशशास्त्र बदलणे. परावर्तक घडवलेला असतो तो बल्बच्या तारेच्या ठरलेल्या जागेसाठी. त्यात एलईडी बल्ब कोंबला, की प्रकाश वेगळ्या जागेवरून निघतो आणि झोत विस्कटतो. म्हणून काच, परावर्तक आणि बल्ब हा संच अखंड ठेवावा. ब्रॅकेट, जोडणी आणि नेम हे आपले क्षेत्र. नेम साधायला सपाट जागी दहा मीटरवरची भिंत पुरते. झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा वीस सेंटीमीटर खाली आणली, की साठ सेंटीमीटरवरच्या दिव्याचा झोत तीस मीटरवर जमिनीला टेकतो.

राहिला कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १११ गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला मनाई करतो. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. अनेकांना ही अडवणूक वाटते. मला ती वरच्या युक्तिवादाचीच दुसरी बाजू वाटते. जो झोत आपल्याच डोळ्यांत धूसर पडदा आणतो, तो समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला काही क्षण आंधळा करतो, आणि घाटातल्या अरुंद रस्त्यावर त्याला तेवढे क्षणही परवडत नाहीत. म्हणून डांबरी रस्ता लागण्याआधी जादा दिवे बंद करून झाकावेत.

थोडक्यात, लाइटबारचे मत टिकत नाही, आणि घरगुती जोडणी वाईटच हेही टिकत नाही. खाली, बाजूला आणि मागे, नेमून लावलेले साधे दिवे, जाड वायर, रिले आणि जागेवर फ्यूज: इतके घरच्या घरी ज्याने केले, त्याची गाडी टपावर दुप्पट खर्च करणाऱ्यापेक्षा रात्री अधिक सुरक्षित चालेल. ज्याला खर्च करायचाच आहे, त्याने तो आधी वायरीवर करावा.